मस्टँगच्या कार्बोरेटरचं रिबिल्ड किट: माल चांगला, कागद भिकार

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार कापलाय एका गॅस्केटपायी (दोन भागांमधली गळती अडवणारी चकती) आणि अख्खा एक त्या कागदापायी, जो कंपनीने माहितीपत्रक म्हणून आत कोंबलाय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली थोड्या शिव्या येणार आहेत. किट, म्हणजे कार्बोरेटर खोलून नवा करायला लागणारे सुटे भाग, मला ३८ डॉलरला पडलं, शिपिंग वेगळं.

गाडी म्हणजे १९६६ ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप, २८९ क्युबिक इंचाचं व्ही-एट इंजिन आणि त्यावर दोन बॅरलचा (हवेच्या दोन नळ्यांचा) कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा आमच्या हिचा एकच प्रश्न होता की एवढ्या पैशात चालणारी गाडी आली असती ना. मग मी बॉनेट उघडून तिला आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर दाखवला, सुरुवात ६टी०७सी अशी. ६ म्हणजे १९६६ चं मॉडेल, ०७ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे २८९ टू बॅरल, आणि टी म्हणजे मेटचनचा कारखाना. नाव मेटचन पण कारखाना होता न्यूजर्सीतल्या आपल्या एडिसनमध्येच, रूट वनला लागून. म्हणजे आज ओक ट्री रोडवर आपण जिथे वडे खातो तिथून काही मैलांवर ही गाडी तयार झाली, आपल्यापैकी कोणाचा इथे पत्ता पण नव्हता तेव्हा. २००४ ला फोर्डने तो कारखाना बंद केला, मग पाडला, आता त्या जागेवर दुकानं आहेत. हे सगळं ऐकून ही म्हणाली, म्हणजे घरात मूळची एडिसनची एकटी हीच, बाकी आपण सगळे उपरे. तिथून पुढे गाडीला विरोध जरा कमी झाला.

परत वाढला तो वासामुळे. आमचं गॅरेज घराला चिकटून आहे आणि तिथे पेट्रोलचा असा वास मारायचा की भिंतीवर टांगलेले हिवाळ्याचे कोट घालून ऑफिसला गेलं की लिफ्टमधले लोक वळून बघायचे (इथे गॅस म्हणतात, पण मी सांगलीचा आहे, मी पेट्रोलच म्हणणार). शिवाय सकाळी स्टार्टर फिरवत बसायचं, चालू झाली की मागून काळा धूर, सिग्नलला उभी राहिली की डुगडुगायची आणि अचानक पाय दिला की क्षणभर गुदमरायची. एका दुकानात दाखवली, त्यांनी कार्बोरेटर काढून रिबिल्ड करून बसवायचे जवळपास चारशे सांगितले आणि तीन आठवडे थांबा म्हणाले. लहानपणी बाबांच्या पद्मिनीचा कार्बोरेटर आमचा मिस्त्री दारात बसून खोलायचा, जेट (पेट्रोलचं बारीक भोक असलेला भाग) तोंडाने फुंकून साफ करायचा आणि मी बॅटरी धरून उभा असायचो. म्हटलं एवढं बघितलंय तर आपण पण करू.

आता एक महत्त्वाचं, किट ऑर्डर करायच्या आधी आपल्या गाडीवर नक्की काय बसलंय ते बघा, गाडीचं वर्ष बघून मागवू नका. माझ्यावर ऑटोलाइट २१०० आहे. ऑटोलाइट हे नाव फोर्डने १९६१ मध्ये विकत घेतलेलं. हा कार्बोरेटर पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून १९७३ पर्यंत बनत होता, पुढे थोडा बदलून २१५० म्हणून आला, आणि फोर्डच नाही तर एएमसी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या गाड्या आणि जीपवर पण बसलाय. साठ वर्षांत कोणत्या मालकाने कुठून काय काढून लावलंय काही सांगता येत नाही. कार्बोरेटरच्या वरच्या झाकणाच्या एका स्क्रूखाली छोटा पत्र्याचा टॅग असतो, त्यावरचं पहिलं अक्षर म्हणजे दशक, पुढचा आकडा म्हणजे वर्ष, म्हणून सी६ दिसलं की १९६६. टॅग हरवला असेल तर बाजूला बॉडीवरच गोलात ओतीव आकडा असतो, माझ्यावर १.०८ आहे, तो म्हणजे व्हेंचुरीचा, आतल्या अरुंद गळ्याचा, इंचातला व्यास. हा आकडा आणि टॅगचा फोटो काढून ठेवा, मग किट शोधा.

पाकीट उघडलं तर भरपूर सामान. गॅस्केटचा गठ्ठा, ॲक्सिलरेटर पंपचा डायफ्रॅम (रबरी पडदा), नीडल आणि सीट (आतला तरंगता फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी सुई आणि तिची बैठक), छत्रीसारखा एक रबरी व्हॉल्व्ह, तीन मापांचे स्टीलचे बारके बॉल, क्लिपा, वॉशर. हे एकच किट वीसेक वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलांना चालतं असं पाकिटावर लिहिलंय, आणि गंमत तिथेच आहे, कारण काम पूर्ण झाल्यावर माझ्याकडे जवळजवळ निम्मं सामान उरलं आणि आधी अर्धा तास मी काहीतरी बसवायचं विसरलो म्हणून घाम पुसत होतो.

रबराच्या बाबतीत मात्र पैकीच्या पैकी मार्क. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं नाहीतर कडक होऊन तडकतं. माझा जुना पंप डायफ्रॅम काढला तर शिळ्या पापडासारखा, दाबला की मोडला, म्हणून तर पाय दिल्यावर गाडी गुदमरत होती, कारण त्या पहिल्या क्षणाला जास्तीची जी पिचकारी लागते ती मारायचं काम याचंच. नवीन डायफ्रॅम मऊ, जाड, पाकिटावर इथेनॉलला चालणारा असं स्पष्ट लिहिलेलं, आणि गेले आठ महिने एकदाही तक्रार नाही. नीडल-सीट पण झकास बसली, फ्लोटमधून गळती शून्य.

खोलताना मी हिचा जुना मसाल्याचा डबा घेतला, सात वाट्या, प्रत्येक वाटीत एका भागाचे स्क्रू. हसू नका, याच्यापेक्षा चांगला पार्ट ट्रे मला दुकानात मिळाला नाही. फोटो तर प्रत्येक पायरीला काढाच, विशेषतः लिंकेज (भाग जोडणारी दांडी) कुठल्या भोकात होतं त्याचा. ॲक्सिलरेटर पंपाच्या दांडीला चार-चार भोकं असतात आणि तुमची कुठल्या भोकात होती हे कागद सांगत नाही.

मधला स्क्रू काढून बूस्टर (मधोमध बसलेला, हवेत पेट्रोल सोडणारा भाग) उचललं की त्याखाली एक बॉल आणि एक छोटं वजन असतं. हे मला माहीत होतं, वाचलं होतं, तरी मी बॉडी उलटी केलीच आणि बॉल टुणकन उडून ड्रायरखाली गेला. लोहचुंबक काठीला बांधून काढला. किटमध्ये तीन बॉल आहेत पण कुठला तुमचा ते जुन्याला शेजारी ठेवून मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून जुना हरवू नका. बसवताना आधी बॉल, त्यावर वजन.

रबरी छत्रीचं प्रकरण पण वेगळंच आहे. तिची शेपटी पंपाच्या बाजूने भोकात घालायची, आतून फ्लोटच्या वाटीतून नाकाड्या पकडीने हळू ओढायची, शेपटीवरचा जाड भाग बाहेर येऊन बसला की त्याच्या पुढची जास्तीची शेपटी कापायची. कापलेला तुकडा वाटीतून बाहेर काढायला विसरलात तर तो फिरत फिरत जेटवर जाऊन बसेल. जुन्या छत्रीची शेपटी पण काढताना तुटते, ती पण शोधून काढा. कागदावर याबद्दल अक्षर नाही, नुसता बाण.

हां, तर कागद. एकच पान, दोन्हीकडून छापलेलं, आणि ते पण झेरॉक्सची झेरॉक्स वाटावी असं. त्यावर तीन वेगवेगळ्या कार्बोरेटरच्या चिरफाडीची चित्रं एकावर एक, आणि फ्लोटची लेव्हल किती ठेवायची त्याचा तक्ता इतका बारीक की मी फोनवर फोटो काढून मोठा करून बघितला तरी अपूर्णांकातला खालचा आकडा ८ आहे का ६ आहे ते कळेना. फ्लोट लेव्हल म्हणजे यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ती चुकली तर एक तर गाडी बुडते नाहीतर उपाशी राहते. शेवटी फोर्डच्या १९६६ च्या शॉप मॅन्युअलची छापील प्रत मागवली, त्यातून आकडे घेतले. ही प्रत तुमच्याकडे नसेल तर किटच्या आधी ती घ्या. ३८ डॉलरच्या वस्तूबरोबर दोन सेंटचा नीट कागद देता येऊ नये याचा मला अजून राग आहे.

अर्धा स्टार गेलेलं गॅस्केट म्हणजे पॉवर व्हॉल्व्हचं. कार्बोरेटरच्या बुडाला चार स्क्रूंचं झाकण असतं, ते उघडल्यावर आतून चमचाभर पेट्रोल सांडलं आणि मला गुन्हेगार सापडला, कारण ती जागा कोरडी असायला हवी. पॉवर व्हॉल्व्हचं काम सोपं आहे, गाडी आरामात चालू असते तेव्हा इंजिनाचा व्हॅक्यूम, म्हणजे आत खेचणारी ओढ, त्याला ओढून बंद ठेवतो, चढावर किंवा जोरात पाय दिल्यावर व्हॅक्यूम पडतो आणि आतली स्प्रिंग त्याला उघडून जादा पेट्रोल सोडते. त्याचा पडदा फाटला की चोवीस तास जादा पेट्रोल, म्हणून काळा धूर, म्हणून वास. तर हा व्हॉल्व्ह किटमध्ये नाही! वेगळा घ्यावा लागतो, मी बारा डॉलरला घेतला. त्यावर आकडा ठोकलेला असतो, ६५ म्हणजे व्हॅक्यूम साडेसहा इंचापर्यंत (पाऱ्याच्या इंचात मोजतात) पडला की उघडणार. किटमध्ये त्याची गॅस्केटं मात्र तीन दिलीत, एकाला आतून तीन बारके कान, दुसरं साधं गोल, तिसरं जरा जाड, आणि कुठलं कधी याबद्दल शांतता. व्हॉल्व्हच्या भोकांचा आकार बघून गॅस्केट निवडायचं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी दिसायला चांगलं ते लावलं, सगळं जोडलं, गाडी चालू केली आणि धूर तस्साच. परत काढलं, परत खोललं, गॅस्केट बदललं. अख्खा रविवार गेला, त्या दिवशी मुलाच्या मित्राची मुंज होती आणि मी तिथे नखात काळं घेऊन उभा.

वरच्या झाकणाची एक युक्ती सांगतो. जुने मालक गळती दिसली की स्क्रू अजून आवळतात आणि नरम धातूचं झाकण वाकतं. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर झाकण आठाच्या आकारात हळू घासलं की कुठे चमकतंय कुठे नाही ते लगेच दिसतं. पितळी फ्लोटची परीक्षा अजून सोपी, गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर भोक आहे. माझा फ्लोट निर्दोष निघाला, साठीला आलेला आहे.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, गॅरेजचं दार उघडं ठेवा, अग्निशामक हाताशी ठेवा. आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत गॅसवरचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो, त्यातली ज्योत पेटती असते, ती आधी बंद करा. हे मी मस्करीत लिहीत नाहीये.

बसवल्यावर ट्यूनिंग एका तासात झालं. मिक्श्चरचे (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे) दोन्ही स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड-दीड फेरा बाहेर, इंजिन गरम झाल्यावर व्हॅक्यूम गेज लावून काटा जास्तीत जास्त वर जाईल असे थोडे थोडे फिरवले, काटा १८ इंचाच्या जरा वर स्थिर झाला. सिग्नलला आता इतकी शांत उभी राहते की मीच दोनदा बंद पडली समजून किल्ली फिरवली आणि स्टार्टरची किंकाळी ऐकली. न्यूजर्सीत पेट्रोल स्वतः भरता येत नाही, पंपावरचा माणूस भरतो, तर नेहमीचा पंपवाला पहिल्यांदा टाकीचं झाकण शोधत गाडीला दोन चकरा मारून आला होता (ते मागे मधोमध आहे, घोड्याच्या चित्राखाली कोणी बघत नाही). परवा तोच म्हणाला, आजकाल कमी येता. बरोबर आहे, आधी त्याच पैशात निम्मं पेट्रोल हवेत जात होतं.

तर घ्यावं का? ज्यांनी आधी एखादा कार्बोरेटर खोललाय आणि ज्यांच्याकडे शॉप मॅन्युअल आहे त्यांनी डोळे मिटून घ्या, रबर उत्तम आहे. पहिल्यांदाच करणार असाल तर याच्यासोबत पॉवर व्हॉल्व्ह, मॅन्युअल आणि दोन मोकळे रविवार धरा, एक नाही. थोडे जास्त पैसे देऊन फक्त आपल्याच टॅग नंबरचं किट मिळत असेल तर ते बघा, उरलेल्या सामानाचा घोळ तरी वाचेल.

माझा एकूण खर्च ३८ अधिक १२ अधिक मॅन्युअल, आणि अधिक एक नवीन मसाल्याचा डबा, कारण मी जुना तीनदा घासून परत दिला तरी ही म्हणते मोहरीला पेट्रोलचा वास येतो.