गॅस कटिंगला डीएऐवजी एलपीजी: गणपतीपासूनचा अनुभव

शिरोली एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो आणि हंगामात साखर कारखान्यांची दुरुस्ती करतो. गेल्या गणपतीत कटिंग, म्हणजे ऑक्सिजन-गॅसच्या ज्योतीने लोखंड कापायचं काम, डीएवरून, म्हणजे ॲसिटिलीनवरून, १९ किलोच्या कमर्शिअल एलपीजीवर नेलं. आता उन्हाळा लागलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

पहिल्या आठवड्यात मिस्त्री वैतागले होते. "मालक, ह्या ज्योतीत दम न्हाई." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ऑक्सिजनबरोबर ॲसिटिलीन ३१०० अंशांच्या वर जातं, प्रोपेन २८०० च्या आसपास थांबतं. त्यामुळे प्लेट लाल व्हायला वेळ लागतो, आणि मधोमध भोक पाडायचं तर फारच. कडेपासून सुरुवात केली की तेवढं जाणवत नाही. एकदा काप धरला की वेग जवळपास तोच. वरची कड वितळत नाही, स्लॅग, म्हणजे कापाखाली चिकटलेला वितळलेल्या लोखंडाचा मळ, हातोडीच्या एका टोल्याला सुटतो, त्यामुळे ग्राइंडरचं काम बरंच कमी झालं. शेडभर उडणारे काजळीचे धागेही गेले.

गॅसचं बिल उतरलं म्हणून लगेच खूश होऊ नका, ऑक्सिजनचं चढतं. ज्योतीसाठी ॲसिटिलीनच्या एका भागाला सव्वा भाग ऑक्सिजन पुरतो, प्रोपेनला जवळपास चार लागतात. तरी हिशेब आमच्या बाजूनंच बसला. जाड पाइप तापवून वाकवायला तर हाच गॅस चांगला.

नोझल मात्र एलपीजीचंच घ्या, होसपाइपसुद्धा. जुन्यावर भागवू नका.

डिसेंबरच्या सकाळी प्रेशर पडायचं, सिलिंडरच्या बुडाला दव धरायचं. सिलिंडरात एलपीजी द्रव असतो, तो उकळला तरच गॅस मिळतो. त्यात प्रोपेनबरोबर ब्युटेन असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतं, ब्युटेन शून्याच्या जवळ येताच सुस्तावतं. काही जण सिलिंडरला ज्योत दाखवतात, हा निव्वळ मूर्खपणा आहे. आम्ही दोन सिलिंडर एकत्र जोडले, ओढ दोघांत वाटली गेली आणि प्रश्न मिटला.

हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड. गळला तर खाली बसतो, म्हणून सिलिंडर दुरुस्तीच्या खड्ड्यापासून लांब हलवले.

गॅस वेल्डिंगला याचा उपयोग नाही. पातळ पाइपांच्या जोडकामासाठी डीएचं एक सिलिंडर अजून कोपऱ्यात उभं आहे.