पूर्व-प्राथमिक शिक्षिकेचा एक वर्षाचा कोर्स: नोकरी लागल्यानंतरचा अनुभव (आणि लॅमिनेशनचा हिशेब)

विषय किती, तास किती, फी किती हे माहितीपत्रकात असतेच. सगळीकडे साधारण तेच: बालमानसशास्त्र, आरोग्य-पोषण, साहित्यनिर्मिती, सराव पाठ. मी सांगलीत एका खासगी संस्थेतून केला आणि आता एका बालवाडीत छोटा गट सांभाळते. पगार महिना 7 हजार. आज लिहायला बसले, कारण संस्थेने अडकवून ठेवलेली माझी साहित्याची पेटी भांडून घरी आणली.

आधी लॅमिनेशन. हो, यावरच जास्त लिहिणार आहे, कारण पैसे सगळ्यात जास्त त्यातच गेले. फळे, भाज्या, वाहने, आपले मदतनीस, ऋतू, सण, प्रत्येकाचा चित्रकार्डांचा संच हवा आणि कार्डन् कार्ड लॅमिनेट केलेले हवे. ए-फोरला 20 रुपये. शेवटी शेवटी गणपती पेठेतले झेरॉक्सवाले काका मला लांबून पाहिले की मशीन तापायला लावायचे. परीक्षक बाई आल्या, कोपरे गोल कापलेत का ते बघितले आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. हे कार्ड हातात घेऊन मुलांशी काय बोलणार, असे एकीलाही विचारले नाही.

त्याच सत्रात ‘टिपा लिहा’मध्ये बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या ताराबाई मोडक होत्या. 1926 चा नूतन बाल शिक्षण संघ, 1945 मध्ये बोर्डी, पुढे कोसबाडची टेकडी, सोबत अनुताई वाघ. माँटेसरीची विकतची साधने खेड्यापाड्यात परवडणारी नाहीत, म्हणून या दोघींनी खडे, बिया, पाने, शिंपले घेऊन बालवाडी चालवली. हे मी 5 मार्कांसाठी लिहिले आणि संध्याकाळी चिंचोक्यांच्या चित्राचे लॅमिनेशन करायला गेले. चिंचोक्यांच्या चित्राचे! घरात बरणीभर चिंचोके होते.

निकालानंतर प्रमाणपत्र घ्यायला गेले तर म्हणे साहित्य संस्थेत जमा राहील, नियम आहे. कुठे लिहिलाय? माहितीपत्रकात नाही, फीच्या पावतीवर नाही. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, “अहो, पुढच्या बॅचला दाखवायला लागतं.” म्हटले, मग पुढच्या बॅचच्या फीमधून मला कार्डामागे 20 रुपये द्या. त्यावर त्या फोनवर बोलायला लागल्या, फोन वाजलेला नसताना. तेव्हा हे लिहिले असते तर पाचपैकी दीड तारा दिला असता.

नोकरी लागल्यावर मात्र आकडा वर गेला, आणि तो निरीक्षण वहीमुळे. सराव बालवाडीत कोपऱ्यात बसून एकाच मुलाकडे अर्धा तास बघायचे आणि तो जे करतो तेवढेच लिहायचे. ‘खोडकर आहे’ असे लिहिले की लाल रेघ. ‘डबा उघडला, शेजारच्याच्या डब्यात पाहिले, आपला डबा बंद केला’ असे लिहायचे. तेव्हा आम्ही सगळ्याजणी कंटाळायचो आणि एकमेकींच्या वह्या बघून मजकूर भरायचो.

माझ्या वर्गात एक मुलगा चावायचा. पालकांच्या तक्रारी, मुख्याध्यापिका बाईंचे बोलणे, सगळे झाले. मी वेळ लिहायला लागले. चावण्याचे प्रकार जवळजवळ सगळे डब्याच्या सुट्टीच्या थोडे आधी. आईला विचारले तर कळले, रिक्षा लवकर येते, पोरगा काही न खाता निघतो. आल्या आल्या अर्धी पोळी खायला द्यायला सुरुवात केली. चावणे बरेच कमी झाले. तेही 34 मुलांत एकटीने बघायचे. 2013 च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वयाला 20 मुलांमागे एक मोठे माणूस म्हटले आहे. आमच्याकडे ते दुसरे माणूस म्हणजे मावशी, आणि त्या घंटाही देतात, संडासही धुतात.

आता पेटी. वर्गात उघडली तेव्हा सगळी कार्डे सतरंजीवर मांडली. खिडकीच्या बाजूला बसलेल्यांना नुसती चकाकी दिसत होती. दोघांनी कोपरे उचकटले, एकीने ‘वांगे’ तोंडात घातले. कांदा असो की विमान, हाताला सगळे सारखेच गुळगुळीत लागते, मग मूल धरून तरी काय ठेवणार? तळाशी पॉलिश पेपरची अक्षरे होती, ग म भ न, परीक्षेत ज्यांना सगळ्यात कमी मार्क पडले ती. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या खरखरीत अक्षरावरून दोन बोटे फिरवायला रांग लागली. कोणाला बोलवावेही लागले नाही. मण्यांच्या माळा मात्र पेटीत नव्हत्या, त्या संस्थेतच ‘गहाळ’ झाल्या.

फी भरण्याआधी एक विचारून घ्या: या कोर्सला एनसीटीईची (शिक्षक-प्रशिक्षणाच्या कोर्सना मान्यता देणारी केंद्राची परिषद) मान्यता आहे का? मान्यता असलेला तो दोन वर्षांचा डीपीएसई, म्हणजे पूर्व-प्राथमिक शिक्षणाचा डिप्लोमा. एक वर्षाच्या, सहा महिन्यांच्या खासगी प्रमाणपत्रावर खासगी बालवाडीत काम मिळते, त्यापलीकडे फार आशा ठेवू नका. आणि अंगणवाडी सेविका व्हायचे असेल तर यात पैसे घालूच नका. तिथे बारावी आणि तिथलीच रहिवासी असणे बघतात.

माझ्याकडून साडेतीन तारे. निरीक्षण वहीला पाच देईन, साहित्यनिर्मितीला एकसुद्धा नाही.

पॉलिश पेपरची अक्षरे करायची असतील तर हार्डवेअरच्या दुकानातून 120 नंबरचा कागद आणा, एक कागद 20 रुपयांच्या आत येतो. अक्षर मागच्या बाजूला उलटे काढा, नाहीतर कापल्यावर आरशात बघावे लागेल. कापायला कटर घ्या, पाते लवकर बोथट होते, जास्तीची ठेवा. चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. ‘ळ’ शेवटी करा, वळणावर फाटतो. क्ष-ज्ञच्या भानगडीत पडू नका, छोट्या गटात लागत नाहीत.