जळगावच्या उन्हात समुद्र पोसायचा का? रीफ टँक, खारे मासे की मलावी सिक्लिड

"रीफ टँक लावू का?" हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच, आणि विचारतं ते डिसेंबर-जानेवारीतच. गोम तिथेच आहे. त्या दिवसांत आपल्याकडे टँकमध्ये साधा हीटर टाकला की पाणी २५ अंशांवर गपगुमान बसतं आणि सगळं सोपं वाटतं. टँक लावायचा की नाही हे खान्देशात एप्रिल ते जून हे तीन महिने ठरवतात. म्हणून खाली जे तीन पर्याय तोलतोय, ते आधी उन्हाच्या काट्यावर तोलतो. रीफ म्हणजे मासे आणि सोबत जिवंत प्रवाळ. दुसरा, खाऱ्या पाण्याचे नुसते मासे. तिसरा, गोड्या पाण्यातले मलावी सिक्लिड नावाचे रंगीत मासे. टँक तिन्हीसाठी एकच धरू, तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. म्हणजे दोनशेला थोडं कमी लिटर.

प्रवाळाला २४ ते २७ अंश लागतात. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि बरंचसं अन्न तेच पुरवतं. पाणी तापत राहिलं की प्रवाळ या शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. १९९८ साली लक्षद्वीपला भर समुद्रात हे झालं, तर आपल्या स्लॅबखालच्या टँकची काय कथा? मे महिन्यात बाहेर ४४ असतं तेव्हा दुपारी आमच्या हॉलमध्ये ३६ होतं.

पहिला उपाय पाण्यावर लहान पंखे लावायचा. कोरड्या हवेत ते झकास चालतात. माठ ज्या कारणाने गार होतो त्याच कारणाने टँक तीन-चार अंश उतरतो. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, त्याच खोलीत वाळ्याचा कूलर चालू असेल तर हवा आधीच ओली असते आणि पंख्याचा उतार कमी मिळतो. दोन, खरी परीक्षा मेमध्ये नसून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात असते. ढग येतात, हवा दमट होते, उकाडा तसाच राहतो आणि पंखा नुसता फिरत बसतो. तेव्हा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्रच लागतं. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत ओकतो, म्हणून तो खिडकीपाशी हवा. टीव्हीच्या कपाटात कोंबला की तो स्वतःच्याच वाफेत धापा टाकतो.

आणि चिलरला वीज लागते. माझ्या टँकवर एका जूनमध्ये वादळात नऊ तास लाइट नव्हती. इन्व्हर्टरवर पाणी फिरवणारे पंप चालले, चिलर नाही. पाणी २६ वरून ३१ वर गेलं. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच गोड्यापेक्षा कमी विरघळतो, तापल्यावर आणखी कमी. दोन्ही क्लाउनफिश वर येऊन तोंड उघडझाप करत होते. फ्रीझरमधल्या बर्फाच्या बाटल्या सोडल्या, पण लिटरभर बर्फ दोनशे लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश उतरवतो. मासे वाचले. कोळंबी सकाळी उताणी होती आणि लेदर कोरल (एक मऊ प्रवाळ) बुळबुळीत होऊन आठवड्यात गेलं. मशरूम कोरल मात्र असे बसले होते जसं काही झालंच नाही.

नुसत्या खाऱ्या माशांचा टँक २८-२९ अंश निभावून नेतो. मलावी सिक्लिड आमच्याकडे पंखा आणि जोरकस एअर पंपावर ३० अंशांत मे काढतात. त्याहून चढलं तर तेही कुरकुरतात, पण लाखाचं नुकसान होत नाही.

आता पाणी. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ७८०. रीफला तो शून्याजवळ लागतो. घरच्या आरओचं पाणी चालत नाही, कारण त्यात चवीसाठी थोडं क्षार परत मिसळतात. आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी लावावी लागते. त्यात दर लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं, आणि नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात त्यावरून भांडण ठरलेलं. मी ते पाणी कूलरच्या टाकीत नाही टाकत, जाळ्यांवर क्षार बसतो. फरशी पुसायला आणि संडासाला वापरतो.

याच बोअरच्या पाण्यात मलावी खुश असतात. आफ्रिकेतल्या त्यांच्या तलावाचं पाणी जड आणि अल्कधर्मी, पीएच आठच्या आसपास. आपण ज्या पाण्याला शिव्या घालतो ते त्यांना माहेरचं. म्हणून तिसऱ्या पर्यायात मी गप्पी किंवा अँजल न घेता हेच धरले. रंगाने निळे-पिवळे, लांबून पाहणारा पाहुणा हमखास विचारतो, "समुद्रातले का?"

खाऱ्या टँकला मीठ दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे सुरुवातीलाच सात किलो आणि पुढे दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना पाऊण किलो. पहिली पिशवी आली तेव्हा आजी म्हणाली, "इतलं मीठ कसाले लागस रे भाऊ?" हे मीठ टँकसाठीच बनवलेलं लागतं. किराण्यातलं आयोडीनचं किंवा खडेमीठ अजिबात नाही. नवखा इथे एक चूक करतो. मेमध्ये माझ्या टँकमधून रोज पाच-सहा लिटर पाणी उडतं, पण उडतं ते पाणी, मीठ आतच राहतं. भर घालायची ती डीआय नळीतून काढलेल्या बिनमिठाच्या पाण्याची. खारं पाणी ओतत राहिलात की घनता १.०२५ वरून चढत जाते.

कायदाही बघून घ्या. २००१ साली दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, घातले गेले. परदेशी व्हिडिओत दिसणारे ते काटेरी, फांद्यांचे कोरल बघून मनात इमले बांधू नका. समुद्रातून काढलेला 'लाईव्ह रॉक'ही मुळात प्रवाळाचाच सांगाडा असतो, सिरॅमिकचा घ्या. मशरूम, झोअँथस, लेदर असे मऊ प्रकार दगडी प्रवाळात मोडत नाहीत, तरी बिल आणि माल कुठून आला हे विचाराच. गंमत म्हणजे नवख्याला झेपणारे प्रकारही हेच. कॅल्शियम-अल्कलिनिटीची रोजची मोजदाद दगडी प्रवाळाला लागते, यांना पाणी बदललं की बहुतेक पुरतं. क्लाउनफिश घरात पैदास केलेलाच मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेच त्याचं तंत्र बसवलेलं आहे.

पैसा माझ्या हिशेबाने असा: मलावी पंधरा-वीस हजारांत उभे राहतात, रीफ चिलरसकट लाखाच्या पुढे, नुसते खारे मासे मध्ये कुठेतरी. पहिले चार ते सहा आठवडे टँक रिकामाच चालवावा लागतो, अमोनिया खाणारे जिवाणू वाढेपर्यंत. तिन्हींना हे सारखंच. खाऱ्या माशांचा एक फायदा, रोग पडला तर तांब्याचं औषध देता येतं. रीफमध्ये तेच औषध कोळंबी आणि प्रवाळ मारतं. पण "आज मासे, पुढच्या वर्षी कोरल" असा बेत असेल तर औषध वेगळ्या टबात द्या, दगडात शोषलेलं तांबं नंतर सुटत राहतं.

मेमध्ये लग्नांना घर बंद करून जाणारे असाल तर रीफचं नाव काढू नका. घरात कायम कोणी आहे, इन्व्हर्टर आहे आणि मऊ कोरलवर समाधान आहे, तर जरूर लावा, मीही लावलाच आहे. नुसत्या खाऱ्या माशांच्या बाजूने माझं मन फारसं नाही. मीठ, आरओ, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) हा सगळा खटाटोप तोच करायचा आणि मागे दगड बघायचे.

तरी डोक्यातून जात नसेल तर आत्ता काही विकत घेऊ नका. टँक ठेवायच्या कोपऱ्यात वीस लिटरची बादली भरून ठेवा, वर लहान पंखा सोडा. मेमध्ये आठ दिवस आणि जूनमध्ये आठ दिवस दुपारी चार वाजता तापमान लिहा. दोन्ही वेळा २८ च्या आत असेल तर छोटा चिलर बास. ३० असेल तर मोठा चिलर आणि इन्व्हर्टरचा खर्च आधी धरा. ३२ च्या वर गेलं तर ती खोली मलावीसाठीही कठीण आहे, उत्तरेकडची खोली शोधा.