पिस्टन की डायफ्राम, योक की डिन? पहिला रेग्युलेटर घेताना

स्कुबा डायव्हिंगसाठी स्वतःचा पहिला रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र, घ्यायला निघालेला माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो: यातला कुठला श्वासाला सर्वांत हलका? प्रश्न चुकीचा नाही, पण निवड त्यावर ठरत नाही. १५ मीटर खोलीवर, कोमट पाण्यात आणि भरल्या टाकीवर आजचा कुठलाही प्रमाणित रेग्युलेटर छानच चालतो. फरक कळतो तो अडचणीच्या वेळी. टाकी संपत आलेली, पाणी खोल किंवा गार, खाली गाळ, आणि त्यात जोडीदार तुमच्याच ऑक्टोपसवर, म्हणजे दुसऱ्यासाठी ठेवलेल्या जादा सेकंड स्टेजवर, श्वास घेतोय. म्हणून आधी आपण कुठल्या पाण्यात उतरणार ते ठरवावं, मग मॉडेलांकडे बघावं.

यंत्र काय करतं ते थोडक्यात. टाकीत साधारण २०० बार दाब असतो (एक बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरच्या हवेचा दाब). टाकीच्या तोंडाशी बसणारा फर्स्ट स्टेज तो कमी करून भोवतालच्या दाबापेक्षा ९-१० बार जास्त एवढ्यावर आणतो. हा मधला दाब. तोंडातला सेकंड स्टेज तुम्ही श्वास ओढलात की तो आणखी उतरवून भोवतालच्या दाबाइतकी हवा देतो. ३० मीटरवर भोवतालचा दाब ४ बार असतो. म्हणजे पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर हवा लागत असेल, तर तिथे ६० लिटर पुरवावी लागते. दोघे घाबरून धापा टाकत असतील तर किती, हा हिशेब फर्स्ट स्टेज निवडताना डोक्यात असू द्या.

आता पिस्टन आणि डायफ्राम. साध्या, अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये हलणारा मुख्य भाग एकच. बिघडायला फारसं काही नाही, सर्व्हिसिंग सोपं, सुटे भाग मोजके. भाड्याने द्यायच्या सामानात हाच प्रकार सर्रास दिसतो तो यामुळेच. स्कुबाप्रो कंपनीचा एमके २ हे याचं नेहमीचं उदाहरण. उणीव अशी की यात टाकीचा दाब व्हॉल्व्ह उघडायला हातभार लावतो. टाकी रिकामी होत जाते तसा तो हातभार कमी होतो, मधला दाब उतरतो आणि श्वास जड होतो. काही जुने डायव्हर म्हणतात, बरंच आहे, टाकी संपत आल्याची सूचना मिळते. मला हे पटत नाही. त्यासाठी गेज आहे.

बॅलन्स्ड पिस्टनमध्ये हवा पिस्टनच्या पोकळ दांड्यातूनच जाते, त्यामुळे टाकीत १८० बार असोत की ४०, व्हॉल्व्हवर त्याचा परिणाम जवळपास होत नाही. हवेचा ओघ दांडगा. स्कुबाप्रोचाच एमके २५ या जातीचा. पण स्प्रिंग असते तो कप्पा पाण्याला उघडा, म्हणून वाळू, गाळ, मिठाचे खडे आत शिरतात, आणि गार पाण्यात तिथेच बर्फ धरायची भीती.

डायफ्रामवाल्यात पाणी आणि आतली यंत्रणा यांच्यामध्ये रबराचा पडदा असतो. स्प्रिंगच्या कप्प्यावर आणखी एक पडदा बसवला की तो सीलबंद होतो आणि पाणी स्प्रिंगपर्यंतही पोचत नाही. स्कुबाप्रोचा एमके १७ किंवा एपेक्स कंपनीचे बरेचसे फर्स्ट स्टेज असे. गढूळ किंवा गार पाण्यात मी डोळे झाकून हाच घेईन. भाग जास्त, सर्व्हिसिंगला हात सराईत हवा, हे मात्र मान्य करूनच.

गार पाण्याचा मुद्दा काहींना बाऊ वाटतो. पण दाब झपाट्याने उतरला की हवा गारठते, आणि भोवतालचं पाणीच थंड असेल तर व्हॉल्व्हपाशी बर्फ धरून तो उघडाच अडकू शकतो. मग फ्री फ्लो, म्हणजे हवा न थांबता वाहत राहते, आणि टाकी बघता बघता रिकामी. युरोपच्या ईएन २५० मानकात ४ अंशांच्या पाण्यातली चाचणी असते. ती पार न केलेल्या रेग्युलेटरवर १० अंशांपेक्षा जास्त तापमानासाठीच अशी खूण असते. विकत घेताना ही खूण शोधा. कागदावरच्या श्वसनश्रमाच्या, म्हणजे श्वास घ्यायला लागणाऱ्या ताकदीच्या, आकड्यांचं म्हणाल, तर त्याच मानकाची मर्यादा ५० मीटरवर, मिनिटाला ६२.५ लिटर श्वासाला, लिटरमागे ३ ज्यूल अशी आहे. तिच्या आतल्या दोन मॉडेलांतला बारीक फरक सुट्टीत मासे बघायला उतरणाऱ्याला जाणवणार नाही.

रेग्युलेटर टाकीला कसा जोडायचा, योकने की डिनने, हा निर्णय त्या मानाने सोपा. योक टाकीवर शिकंज्यासारखा कसला जातो. त्याची ओ-रिंग, म्हणजे हवा गळू न देणारी रबरी कडी, टाकीच्या व्हॉल्व्हवर असते आणि मर्यादा २३२ बारची. डिन आट्यांनी आत फिरवून बसतो, ओ-रिंग रेग्युलेटरवर आणि बंदिस्त, शिवाय ३०० बारचे प्रकारही मिळतात. ३०० बारचा डिन २३२ च्या व्हॉल्व्हमध्ये बसतो, उलटं चालत नाही. डिन घेऊन वर योकचा अ‍ॅडॅप्टर ठेवला की दोन्हीकडची सोय होते. ज्या टाक्या कायम योकच्याच मिळणार, तिथे मात्र अ‍ॅडॅप्टरचं लोढणं कशाला?

सेकंड स्टेजबद्दल एवढंच की तोही बॅलन्स्ड असेल तर मधल्या दाबातले चढउतार तो बऱ्यापैकी झाकून घेतो. श्वासाचा जोर कमीजास्त करायची घुंडी सोयीची, पण पृष्ठभागावर पोहताना आपोआप फ्री फ्लो होऊ नये म्हणून असलेला छोटा खटका जास्त कामाचा. टायटॅनियम हलकं आणि गंजत नाही, तरी जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाला ते चालत नाही. नायट्रॉक्सचा, म्हणजे हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा, विचार असेल तर क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ बरं.

मग घ्यायचा कुठला? कोमट पाणी, वर्षातून दहा-पंधरा डाइव्ह आणि २० मीटरच्या आतच राहणार असाल, तर चांगला अनबॅलन्स्ड पिस्टनही पुरतो. खोल जाणार किंवा जोडीदाराला हवा द्यावी लागेल अशी शक्यता गंभीरपणे घेत असाल, तर बॅलन्स्डच. गार, गढूळ पाण्यासाठी सीलबंद डायफ्राम. आणि या सगळ्याच्या आधी एक चौकशी: त्या कंपनीचे सुटे भाग आणि जाणकार तंत्रज्ञ तुमच्या आवाक्यात आहेत का? नसतील तर मी दुसऱ्या पसंतीचं मॉडेल घेईन.

जुना घेत असाल तर फर्स्ट स्टेजचं झाकण लावून, टाकी न जोडता, माउथपीसमधून हवा ओढून बघा. हवा आली तर कुठेतरी पडदा फाटलाय किंवा झडप गळतेय. नंतर टाकी जोडून, मधल्या दाबाचा गेज लावून काटा पाच मिनिटं पाहा. श्वास न घेता तो हळूहळू वर सरकत राहिला, तर सीट, म्हणजे फर्स्ट स्टेजचा व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो तो भाग, झिजली आहे, आणि किमतीत सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच बोला.