गाडीतली पेटी आणि होडीवरचा डबा: गणपतीपासून मेपर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. दुकानात तयार मिळणारी प्रथमोपचार पेटी गाडीत जेमतेम चालते, होडीवर अजिबात नाही. एकच यादी दोन्हीकडे वापरायचा विचार असेल तर तो सोडा. गाडीत औषधांचा शत्रू ऊन आणि होडीवर खारं पाणी. दोघांची खोड वेगळी, म्हणून डबेही वेगळे लागतात.

आमच्याकडे एक सात सीटर गाडी आहे. ती कुडाळ-मालवण रोज आणि सणासुदीला मुंबईपर्यंत जाते. काकांची फायबरची होडी आहे, आउटबोर्ड इंजिनवाली. मासेमारी मुख्य, सीझनला थोडे पर्यटक. गेल्या गणपतीच्या तोंडावर दोन्हीसाठी सामान जमवायला घेतलं. गाडीसोबत शोरूममधून एक पेटी आलीच होती. ती उघडून पाहिली तर बोटाला लावायच्या चिकटपट्ट्या भरपूर, कापूस भरपूर आणि रक्त थांबवायला म्हणाल तर दोन बारीक रोलर बँडेज. नियमाने द्यायची म्हणून दिलेली वस्तू. त्यातला डबा ठेवला, बाकी बरंच बदललं.

गाडीचं आधी. एप्रिल-मेच्या उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी आतून भट्टी होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण औषधाच्या पाकिटावर ‘३० अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं असतं ते कोणी वाचत नाही. होळीनंतर पेटी उघडली तेव्हा मलमाच्या ट्यूबमधून आधी नुसतं तेल आलं, मग मलम. चिकटपट्ट्यांचा डिंक पाघळून कागदाला चिकटला होता. जिलेटिनच्या कॅप्सूल एकमेकींना धरून बसल्या होत्या. तेव्हापासून घरात नियम केला: कापड आणि लोखंड गाडीत राहतं, औषधं बायकोच्या पर्समधल्या छोट्या पाउचमध्ये माणसाबरोबर उतरतात आणि माणसाबरोबर चढतात. गाडीत कायम राहतात ते निर्जंतुक गॉजचे पॅड, रुंद रोलर बँडेज, क्रेप बँडेज, दोन त्रिकोणी पट्ट्या, कागदी चिकटपट्टीचा रोल, नायट्राइलचे हातमोजे (लेटेक्सचे उन्हात तडकतात), चिमटा, टॉर्च आणि बोथट टोकाची कपडे कापायची कात्री. सलाइनच्या १०० मिलीच्या बाटल्या ठेवतो, त्या मात्र उन्हाळ्यात दर महिन्याला बदलतो. स्वस्त असतात, तक्रार नाही.

पेटीची जागा ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली. डिकीत ठेवू नका. सुटीच्या दिवसांत डिकीत आंब्याच्या पेट्या, पिशव्या, छत्र्या असं सगळं वरून रचलेलं असतं, आणि मागून धडक बसली तर डिकीचं दार उघडेलच याची खात्री कोण देणार?

सर्वांत जास्त उपयोगाला आली ती कात्री. कणकवलीच्या पुढे हायवेवर खडीवरून बाइक घसरलेला एक मुलगा रस्त्याकडेला बसला होता. जीन्स गुडघ्यापासून फाटून जखमेत चिकटलेली. ती ओढून काढायला गेलो असतो तर तो बेशुद्धच पडला असता. कात्रीने शिवणीच्या बाजूने वरपर्यंत कापली, दोन बाटल्या सलाइन ओतून खडी धुतली, गॉज ठेवून रुंद बँडेज गुंडाळलं. घरच्या कात्रीने जीन्सची शिवण कापून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय ते. १०८ येईपर्यंत आमचं एवढंच काम होतं. आमच्या गाडीतला एक जण ‘उगाच पोलिसांच्या भानगडीत पडू नका’ म्हणून कुरकुरत होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे. अपघातात चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला भरता येत नाही आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. हे वाक्य कागदावर लिहून पेटीच्या झाकणात चिकटवलंय. जखमीपेक्षा बरोबरच्या मंडळींना त्याचा जास्त उपयोग होतो.

गाडी लागणाऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था हवी, कारण आंबोली घाटात प्रथमोपचाराची गरज नव्वद टक्के वेळा तीच असते. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, ओले टिश्यू, आलेपाक. अवोमिनची गोळी प्रवासाच्या तासभर आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर दिली तर ती गोळीच बाहेर येते. तिने झोप येते, तेव्हा चालवणाऱ्याने तिच्या वाटेला जायचं नाही. लहान मुलांना डॉक्टरला विचारूनच.

आता होडी. इथे मला जास्त सांगायचंय.

काकांना डबा दाखवला तेव्हा पहिली प्रतिक्रिया, “होडयेत मेडिकल उघडलंस काय रे?” त्यांचा प्रथमोपचार म्हणजे डिझेलचा फडका आणि शिवी. तरी डबा त्यांनी ठेवून घेतला, हे विशेष.

झिपची कापडी पाउच होडीवर टिकत नाही. धातूची झिप खाऱ्या हवेत पांढरी पडते, मग अडकते, मग तुटते. आमच्याकडची दिवाळीपर्यंतही टिकली नाही. त्याऐवजी किराणा भरायला घेतो तसला, चारही बाजूंनी कड्या आणि आत सिलिकॉनची पट्टी असलेला प्लॅस्टिकचा डबा घेतला. तो अजून ठणठणीत आहे. पण झाकण घट्ट असून भागत नाही. भर समुद्रात ओल्या हाताने डबा उघडला की एक थेंब गॉजच्या कागदी वेष्टनावर पडतो आणि ते पॅड निर्जंतुक राहत नाही. म्हणून प्रत्येक वस्तू वेगळ्या झिपलॉक पिशवीत. एक उघडली तर बाकीच्या कोरड्या राहतात. सिलिका जेलच्या पुड्या टाकून पाहिल्या. रोज उघडणाऱ्या डब्यात त्या चार दिवसांत भिजून गप्प होतात, पैसे वाया. कात्रीच्या खिळ्याला व्हॅसलीन लावून ठेवली तर गंज उशिरा धरतो, पण धरतो. होडीवरची कात्री म्हणजे वर्षाला नवीन, असं धरूनच चला.

डब्यावर लाल क्रॉस काढायचा नाही. ती रेड क्रॉसची संरक्षित खूण आहे, १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन कायद्याने आपल्याकडे तिचा असा वापर चालत नाही. होडीवर नाव लिहिणाऱ्या पेंटरकडून हिरव्यावर पांढरा क्रॉस काढून घेतला. मार्करने लिहिलेलं महिन्यात धुऊन गेलं होतं, हा ऑइलपेंट तसाच आहे.

आता आत काय. तयार पेटीत ज्या गोष्टी नसतात त्याच इथे रोज लागतात. पहिली म्हणजे तार कापायची पक्कड. गळ बोटात घुसला आणि त्याच्या टोकाचा उलटा काटा कातडीखाली गेला की मागे ओढायचा नसतो, मांस फाटतं. टोक पुढे ढकलून बाहेर काढायचं, काटा पकडीने कापायचा आणि उरलेली तार आल्या वाटेने मागे घ्यायची. डोळ्याजवळ, सांध्यात किंवा खोल गेलेला असेल तर हात लावायचा नाही. गळ तसाच बांधून किनारा गाठायचा.

दुसरी गोष्ट डब्यात मावतच नाही: चहाचा थर्मास. जानेवारीत जाळं ओढताना एका खलाशाच्या तळहातात शिंगाळा माशाचा काटा गेला. शिंगाळा आणि पाकट, दोघांच्या काट्याचं विष उष्णतेने मंदावतं. थर्मासमध्ये कोरं गरम पाणी होतं. ते पाणी उपसायच्या डब्यात ओतलं, बाटलीतल्या पाण्याने थोडं निववलं, आधी मी माझा हात घालून पाहिला आणि मग त्याचा बुडवला. पाणी सोसेल इतकं गरम हवं, ४५ अंशांच्या आसपास. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, म्हणून चांगल्या हाताने तपासायचं. सुरुवातीला तो दात आवळून कण्हत होता. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले, आणि थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणाला, पाणी निवलं, अजून घाला. किनाऱ्यावर आल्यावर दवाखान्यात नेऊन आत तुकडा राहिलाय का ते पाहून घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तेव्हापासून होडीवर दोन थर्मास असतात, चहाचा वेगळा.

व्हिनेगरची बाटली मी काढून टाकली. काही जातींच्या जेलीफिशला ते चालतं, पण पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर येतात त्या निळ्या ब्लूबॉटलला ते लावू नये असंच सांगतात. कुठली चावली हे भर लाटेत कोण ओळखत बसणार? चिमट्याने धागे काढायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं (गोड्या पाण्याने नाही), मग थर्मास आहेच.

पाण्यात पडलेल्याला बाहेर काढल्यावर उलटा टांगून पोटातलं पाणी काढायची आपल्याकडे जुनी हौस आहे. तसं करू नये. श्वास नसेल तर आधी पाच श्वास तोंडाने, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवायचं. त्यासाठी तोंडावर ठेवायचा प्लॅस्टिकचा फेस शील्ड डब्यात सगळ्यांत वर आहे. तो वापरायची वेळ आलेली नाही. पण वस्तू आणून भागत नाही, हात बसायला हवा. मी आणि काकांचा मुलगा एका शिबिरात शिकून आलो. पुतळ्याची छाती पाच-सहा सेंटिमीटर दाबताना घाम फुटतो.

झाकणाच्या आत नंबर रंगवलेत: १०८, ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४. मोबाइलची रेंज गेली की व्हीएचएफ रेडिओचा (बिनतारी संचाचा) चॅनल १६. भाजण्यावर मी मलम ठेवलेलं नाही. सायलेन्सरचा चटका बसला तर पिण्याचं पाणी वीस मिनिटं ओतत राहायचं, टूथपेस्ट नाही की हळद नाही. त्यामुळे होडीवर पाण्याचा एक कॅन जास्तीचा असतो, तोही मी प्रथमोपचारातच धरतो.

एक तक्रार औषध कंपन्यांकडे. मुदतीची तारीख गोळ्यांच्या पट्टीच्या एकाच टोकाला छापतात आणि दुकानदार नेमकं तेच टोक कापून स्वतःकडे ठेवतो. मी आता पूर्ण पट्टीच घेतो.

१ जूनपासून मासेमारी बंद, होडी वर ओढून शाकारून झाली, डबा घरी आलाय. १ ऑगस्टच्या आत गॉज, हातमोजे, ओआरएसची पाकिटं नवीन भरायची आहेत आणि कात्री अर्थातच. काकांनी या वेळी स्वतःहून एक वस्तू सांगितली: प्लस दोनचा स्वस्तातला चष्मा. डब्यावरचं आणि पट्टीवरचं बारीक अक्षर त्यांना वाचता येत नाही, आणि त्यांच्याबरोबरच्या निम्म्या खलाश्यांनाही नाही. हे एवढ्या महिन्यांत मला सुचलं नव्हतं. दोन चष्मे घेतोय, दुसरा गाडीत.