मशरूच्या गादीला पाणी न लावणारे रावपुऱ्याचे भाई

बडोद्यात सोफा धुऊन देणारे आता पुष्कळ झालेत. मशीन आणतात, शाम्पूचा फेस करतात, तासाभरात मोकळे. साध्या पॉलिएस्टरला ते चालतं. पण ज्यांच्या झोपाळ्यावर अजून मशरूची, म्हणजे रेशीम आणि सूत एकत्र विणलेल्या कापडाची, गादी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रावपुऱ्यात ड्रायक्लीनिंगचं छोटं दुकान असलेले एक भाई घरी येऊन हे काम करतात, आणि फार जपून करतात.

आल्या आल्या त्यांनी गादीची शिवण आतून थोडी उसवली, एक उभा आणि एक आडवा धागा काढला आणि गच्चीत नेऊन जाळला. उभ्याला केस जळल्यासारखा वास, राख बोटांत चुरली गेली. म्हणजे रेशीम. आडव्याला कागद जळल्याचा वास, ते सूत. मी सयाजीराव विद्यापीठात होम सायन्सला वस्त्रशास्त्र शिकले, तिथे ही चाचणी आम्ही करायचो. घरी आलेल्या कारागिराने ती करताना मात्र प्रथमच पाहिली. लोडांच्या खोळी नंतर घेतलेल्या, त्यांच्या उभ्या धाग्यालाही कागदाचाच वास आला. दिसायला रेशमासारखं, पण ते रेयॉन निघालं, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं कृत्रिम रेशीम, आणि रेयॉन ओलं झालं की कमकुवत होतं.

"बेन, आने पाणी न अडाडाय," म्हणजे याला पाणी लावायचं नाही, असं ते म्हणाले. अगदी बरोबर. मशरूत वर रेशीम आणि आत सूत. सूत पाण्याने आक्रसतं, रेशीम तेवढं आक्रसत नाही, त्यामुळे कापडाला सुरकुत्या पडतात. शिवाय लाल-हिरवे पट्टे एकमेकांत उतरण्याची भीती. माझ्या जाऊबाईंच्या रेशमी कोचावर एका कंपनीच्या मुलांनी असाच फेस फिरवला होता. पाण्याच्या कडांचे डाग अजून तसेच आहेत. आणि व्हिडिओ बघून खाण्याचा सोडा चोळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: रेशमाला क्षार सोसत नाही, चमक जाते. ब्लीच तर घरातल्या कुठल्याच रेशमाजवळ नेऊ नका.

धूळ काढताना त्यांनी गादीवर नायलॉनची जाळी अंथरली आणि व्हॅक्यूम अगदी कमी ओढीवर तिच्यावरून फिरवला. मशरूचे रेशमी धागे वर लांब सुटे असतात, ते नळीत ओढले गेले तर कापड खराब होतं. डाग काढायचं द्रव आधी आतल्या शिवणीवर लावून, पांढऱ्या फडक्याने टिपून पाहिलं. फडक्याला रंग आला नाही, तेव्हाच पुढे हात घातला. द्रवही फडक्यावर घेऊन टिपायचं, कापडावर ओतायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही. काम सुरू करण्याआधी त्यांनी देवघरातली समई शांत करायला लावली आणि खिडक्या उघडल्या, कारण ते द्रव पेट घेणारं असतं.

लोडांवरचा डोक्याच्या तेलाचा पट्टा सुंदर निघाला. गादीवरच्या चहाच्या डागाला मात्र त्यांनी हात लावायला नकार दिला. तेल त्या द्रवात विरघळतं, चहाला पाणी लागतं, आणि पाणी लावलं तर डागाऐवजी कापड जाईल, असं त्यांनी समजावलं. तो डाग आहे तसाच आहे आणि मला चालतो. कामाचे पैसे हवे असताना नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हाती मी आजीच्या हातची गादी बिनधास्त देईन.

कमी म्हणाल तर, वेळेचा भरवसा नाही, सकाळचे दुपारी आले. वासही दुसऱ्या दिवशीपर्यंत घरात राहिला, दम्याचं माणूस असेल तर त्याला तेवढा वेळ दुसरीकडे पाठवा. गादी आणि लोडांचे मिळून बाराशे रुपये घेतले. मखमलीच्या खुर्चीवर फक्त लव बसेल त्या दिशेने ब्रश फिरवला, त्याचे वेगळे घेतले नाहीत.

पावसाळ्यात बोलावू नका, हवा दमट असली की वास लवकर जात नाही. दिवाळीआधी त्यांना अजिबात सवड नसते, तेव्हा नवरात्र बसायच्या आतच सांगून ठेवा.