यामाहा पीएसआर-ई४६३ : ७५८ आवाजांपेक्षा चार बटणे मोलाची

यामाहाचा पीएसआर-ई४६३ हा पाच सप्तकांचा की-बोर्ड २०१८ साली आला. दुकानात चौकशी केली की आधी त्यातल्या ७५८ आवाजांचा आकडा सांगितला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भजनाला किंवा नमन, जाखडी या कोकणी लोककलांना साथ करणाऱ्याने मात्र त्याची पारख 'रजिस्ट्रेशन मेमरी'वरून, म्हणजे मांडणी बटणावर साठवून ठेवण्याच्या सोयीवरून, करावी, असे माझे मत आहे.

या मेमरीत नुसता आवाजाचा क्रमांक साठत नाही. मुख्य आवाज, त्याच्या जोडीला लावलेला दुसरा आवाज, डाव्या हातासाठी वेगळा काढलेला आवाज, स्टाइल (यंत्राची आपोआप वाजणारी ताल-साथ), टेम्पो (लय) आणि ट्रान्सपोज (बोटे तीच ठेवून पट्टी वर-खाली करण्याची सोय) अशी सगळी मांडणी एका बटणाखाली जपली जाते. बटणे चार आणि बँका (चार-चार मांडण्यांचे गट) आठ, म्हणजे एकूण ३२ जागा.

यातला ट्रान्सपोज आपल्याकडे सर्वांत उपयोगी पडतो. गणपतीच्या दिवसांत एका घरचे भजन आटोपून मंडळी पुढच्या घरी जातात, तिथे दुसरे बुवा गायला बसतात आणि पट्टी बदलते. ज्याचा हात पांढरी एक (सी) या पट्टीवर बसलेला आहे, त्याने काळी एकसाठी अधिक १ आणि काळी पाचसाठी उणे २ असा ट्रान्सपोज लावून, हार्मोनियमच्या त्याच आवाजासह वेगवेगळ्या बटणांवर साठवून ठेवावा. मग बुवा आलाप घेत असतानाच, बोटांची ठेवण न बदलता, साथ योग्य पट्टीत सुरू होते. पखवाज आणि झांजा समोर असताना स्टाइल वाजवण्याचा मोह टाळलेला बरा.

नमनासाठी मी बँकांची विभागणी प्रयोगाच्या क्रमाने करतो. गणाला हार्मोनियम, गवळणीला बासरी, सोंगांच्या प्रवेशाला सनई आणि वगातील गंभीर प्रसंगांना स्ट्रिंग्ज, असे चारही आवाज एकाच बँकेत बसतात. आवाज क्रमांकाने शोधत बसलो, तर तेवढ्यात नट रंगमंचावर येऊन उभाही राहतो. साठवण्याआधी प्रत्येक आवाजाची पातळी ऐकून सारखी करावी, कारण बासरीनंतर स्ट्रिंग्ज एकदम अंगावर येतात. मुख्य व्हॉल्यूम मात्र मेमरीत राहत नाही, तो हातानेच सांभाळावा लागतो.

गैरसोयी आहेत. मांडणीला नाव देता येत नाही, पडद्यावर बँकेचा आकडा तेवढा दिसतो. त्यामुळे कोणत्या बँकेत काय आहे याचा कागद जवळ ठेवणे भाग पडते. एकाच बँकेतले बटण क्षणात लागते, पण बँक बदलण्यासाठी आधी बँकेचे बटण आणि मग आकडा अशा दोन पायऱ्या आहेत, म्हणून एका प्रयोगाचे आवाज दोन बँकांत विखरू नयेत. भरलेल्या जागेवर नवी मांडणी साठवली, तर जुनी कायमची पुसली जाते. हंगाम सुरू होण्यापूर्वी सगळी मेमरी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी; त्याची सोय यंत्रातच आहे.

पुढचा पीएसआर-ई४७३ हा २०२२ साली आला. त्यात आवाज वाढले, तरी मेमरीच्या जागा ३२च आहेत. तेव्हा केवळ साथीसाठी घेणाऱ्याला सुस्थितीतला जुना ४६३ मिळत असेल, तर त्याने तो घेण्यास हरकत नाही. मात्र दुकानातच चारही बटणे दाबून पाहावीत आणि एखादी मांडणी साठवून, यंत्र बंद करून, ती पुन्हा लागते का हे तपासावे.